खाडा

आमच्या एडिसनमध्ये ‘आज बाहेर जेवू या का?’ हा प्रश्न कुणालाच अडवत नाही. गाडी अडते ती पुढच्या प्रश्नावर: ‘कुठे?’ घरात चार माणसं असली तर पाच मतं पडतात. ओक ट्री रोडवर डोसा आहे, गुजराती थाळी आहे, चाट आहे, वडापावही मिळतो. तिथून मैल-दोन मैलांत पिझ्झावाला, थाई, मेक्सिकन, आणि ज्याच्याशिवाय न्यू जर्सीतलं गाव अपुरं वाटतं तो डायनर. तुम्ही ह्यूस्टनला असा, लंडनजवळ हॅरोला असा नाहीतर दुबईच्या करामात, नावं बदलतील. पण तुमच्याही घरापासून दहा मिनिटांवर अशी चार-पाच ठिकाणं असतीलच.

मी गेली ३४ वर्षं या परिसरात बाहेर जेवते आहे. म्हणून कुठला डोसा कुरकुरीत आणि कुठली कढी गोड याची यादी मी देईन असं तुम्हाला वाटत असेल, तर ते काम आता फोन करतो. तो तारे मोजून देतो, फोटो दाखवतो, रस्ताही सांगतो. फोन सांगत नाही अशी एक गोष्ट आहे, आणि वय वाढतं तशी तीच महत्त्वाची वाटायला लागते. तेवढीच सांगते.

सुरुवातीची काही वर्षं आम्हा शाकाहारी मंडळींची ‘यात काय आहे?’ हे विचारण्यातच गेली. फ्रेंच अनियन सूप हे नावावरून कांद्याचं सूप. पण ते बहुतेक ठिकाणी बीफ स्टॉकमध्ये शिजतं. मेक्सिकन बीन्समध्ये डुकराची चरबी असू शकते. थाई भाजीत मासा दिसत नाही, पण फिश सॉस असतो. डायनरमध्ये फ्राइजवर वितळलेलं चीज आणि ग्रेव्ही घालून देतात, त्याला इकडे डिस्को फ्राइज म्हणतात. त्यातली तपकिरी ग्रेव्ही सहसा मांसाची. मोठ्या चेन रेस्टॉरंटमध्ये असं काही विचारलं की छापील कार्ड हातात येतं. आमच्या कोपऱ्यावरच्या थाई बाईंना विचारलं, तेव्हा त्या हात पुसत स्वतः किचनमधून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “तुमचं वेगळ्या कढईत करते, पण वीस मिनिटं लागतील.” आम्ही थांबलो. पुढच्या खेपेला त्यांनी आम्हाला दारातून येताना पाहिलं आणि कढई आधीच चढवली.

अशी छोटी ठिकाणं कशावर चालतात, हे इथे राहून हळूहळू कळत गेलं. न्यू जर्सीत रेस्टॉरंटला दारूचा परवाना सहजासहजी मिळत नाही. साधारण ३,००० लोकवस्तीमागे एक, असा नियम आहे, आणि हातबदल होताना त्या परवान्याची किंमत कित्येक गावांत लाखो डॉलरच्या घरात जाते. त्यामुळे लहान हॉटेलवाले ‘आपली बाटली आपण आणा’ म्हणतात. गिऱ्हाइकाला हे स्वस्त पडतं. मालकाला मात्र पैसा कमवायला निव्वळ अन्नच उरतं, आणि अन्नात सुटतं ते थोडं. त्यात डिलिव्हरी ॲपवरून मागवलं की ऑर्डरमागे १५ ते ३० टक्के कमिशन जातं. म्हणजे शनिवारची गर्दी कितीही दिसो, अशा हॉटेलचा जीव असतो तो मंगळवारी-गुरुवारी न चुकता येणाऱ्या दहा-वीस माणसांत.

हे बोलणं निघालं की आमच्या ह्यांना हटकून पुण्याची खाणावळ आठवायची. शिकत असताना चार वर्षं ते तिथे जेवले. महिन्याचे पैसे आगाऊ, दोन वेळचं ताट, रविवारी दुपारी फीस्ट आणि संध्याकाळी बंद. जेवायला येणार नसाल तर आदल्या दिवशी सांगायचं. मग वहीत तुमच्या नावापुढे खाडा पडायचा आणि महिन्याच्या हिशेबात तेवढे पैसे वजा व्हायचे. न सांगता खाडा केला तर पैसे बुडाले. एकदा हे तापाने दोन दिवस खोलीवर पडून होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खाणावळीतला पोऱ्या डबा घेऊन दारात हजर: मऊ भात, मेतकूट, लिंबाचं लोणचं. खाणावळवाल्या काकांचा हिशेब सरळ होता. गरीब विद्यार्थी पैसे बुडवून घेत नाही. तो न सांगता आला नाही, म्हणजे त्याला काहीतरी झालंय.

हा किस्सा मी लग्नानंतर निदान पन्नास वेळा ऐकला असेल. काकांचा हिशेब मात्र मला कळला तो फार उशिरा.

हे गेले त्याला आता सहा वर्षं झाली. मुलगी सिएटलला, मुलगा शार्लटला. दोघं रोज फोन करतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण एका माणसाचा स्वयंपाक ही काय चीज आहे, हे एकटं राहणाऱ्यालाच कळतं. वाटीभर डाळीसाठी कुकर लावायचा. कोथिंबिरीची जुडी अर्धी वापरायची आणि अर्धी काळी पडलेली फेकायची. केलेली भाजी तीन दिवस पुरते, आणि तिसऱ्या दिवशी ती भाजी तुमच्याकडे बघत असते, तुम्ही भाजीकडे.

आम्ही दोघं दर शनिवारी थाळी खायला जात असू. हे गेल्यावर तीन महिन्यांनी मी एकटीच तिथे गेले. वाढणाऱ्या मुलाने सवयीने पाण्याचे दोन ग्लास ठेवले. मी एक बाजूला सारला. तो क्षणभर उभा राहिला, ग्लास उचलला आणि आत गेला. परत आला तेव्हा ताटात दोनच फुलके होते, मला आवडतात तसे खरपूस शेकलेले. “आंटी, चावल थोडा ही ना?” एवढंच त्याने विचारलं. सांत्वनाला आलेली मंडळी खूप बोलली होती, मनापासून बोलली होती. इथे कुणी काही बोललं नाही, म्हणून की काय, घास उतरला.

आपल्या मंडळींना बाईमाणसाने एकटीने हॉटेलात जेवणं अजून रुचत नाही. “अगं, आमच्याकडे ये ना जेवायला, एकटी कशाला बाहेर खातेस?” असे फोन येतात. त्यामागची माया मला कळते आणि मी जातेही. पण कुणाकडे जायचं म्हणजे बरी साडी नेसायची, हातात काहीतरी न्यायचं, जेवणानंतर ओट्याशी उभं राहून ‘अगं, मी घासते’ म्हणायचं, आणि ‘कशी आहेस?’ या प्रश्नाला बरं वाटेल असं उत्तर द्यायचं. आठवड्यातून एक दिवस तरी मला असं जेवण हवं असतं, जिथे मी आपले पैसे देऊन, गप्प बसून, गरम गरम खाईन. एकट्या माणसाला चार खुर्च्यांच्या टेबलावर बसवलं की उरलेल्या तीन खुर्च्या फार मोठ्या दिसतात. म्हणून मी डायनरमध्ये जायला लागले. तिथे काउंटर असतो.

डायनरचा जन्मच मुळी एकट्या माणसासाठी झाला. १८७२ साली ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सला वॉल्टर स्कॉट नावाच्या माणसाने घोडागाडीतून खाणं विकायला सुरुवात केली, तेव्हा त्याचं गिऱ्हाईक होतं ते रात्रपाळीचे कामगार. पुढे ही गाडी मोठी होत गेली, आणि विसाव्या शतकात अख्खीच्या अख्खी डायनर कारखान्यात बनवून जागेवर नेऊन ठेवायला लागले. असे मोठे कारखाने आपल्या न्यू जर्सीतच होते, एलिझाबेथला, पॅटरसनला. रस्त्याने वाहून न्यायचे म्हणून ते आगगाडीच्या डब्यासारखे लांबट आणि अरुंद, आणि त्यात टेबलांपेक्षा काउंटरसमोरची स्टुलं सोयीची. त्या स्टुलावर शेजारी ट्रक ड्रायव्हर असतो, पलीकडे निवृत्त पोस्टमन. तिथे एकटं असणं हाच रिवाज आहे.

आमच्या डायनरचा मालक ग्रीक आहे. इकडचे कितीतरी डायनर ग्रीक कुटुंबांनी चालवलेत. पहिल्या दिवशी मी मसुराचं सूप मागवलं आणि माझा नेहमीचा प्रश्न विचारला: चिकन स्टॉक आहे का? तो म्हणाला, “शुक्रवारी नाही. शुक्रवारी आजीच्या पद्धतीने.” ग्रीक ऑर्थोडॉक्स लोक बुधवार-शुक्रवारचे उपास धरतात आणि त्या दिवशी मांस खात नाहीत. मसुराचं पातळसर सूप हे त्यांचं उपासाचं अन्न, आणि त्यावर घालतात चमचाभर व्हिनेगर. मी चाखून पाहिलं. बिनफोडणीची आमटी! मी म्हटलं, आमच्याकडे यात आमसूल पडलं असतं. आमच्या उपासाला डाळ चालत नाही, बटाटा चालतो, हे त्याला सांगितलं तेव्हा तो इतका हसला की वेट्रेस बघायला आली. तेव्हापासून एकादशी शुक्रवारी आली तर माझ्यासमोर बेक्ड पोटॅटो येतो. बाकीच्या शुक्रवारी साडेअकराला सूप, टोस्ट आणि कॉफी.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत मला फ्लू झाला, त्यात बर्फ पडलं. दोन शुक्रवार गेले नाही. तिसऱ्या शुक्रवारी दार ढकललं, तर वेट्रेसने लांबूनच दोन बोटं वर केली, रागाने. मालक काही न बोलता आत गेला आणि फ्रीझरमधून दोन डबे घेऊन आला. झाकणांवर मार्करने तारखा होत्या, दोन शुक्रवारच्या. “तुझं सूप,” तो म्हणाला. “कुठे राहतेस माहीत नव्हतं, नाहीतर मुलाबरोबर पाठवलं असतं.” पैसे घेतले नाहीत.

त्या डब्यांकडे बघताना मला पुण्याचे काका आठवले, ज्यांना मी कधी पाहिलंही नाही. परदेशात आपल्याला सगळं मिळतं, वडापावसुद्धा. पण आपण आलो नाही हे कुणाच्या लक्षात यावं, हे विकत मिळत नाही. मुलीने मला पडले तर आपोआप फोन लावणारं घड्याळ घेऊन दिलंय आणि मी ते घालतेही. पण घड्याळाला मी पडले तेच कळतं. आले नाही, हे कळायला कुणीतरी वाट बघत असावं लागतं.

आता थोडं व्यवहाराचं, कारण ही माया हवेवर चालत नाही. टिप मिळणाऱ्या कामगारांचं केंद्र सरकारने ठरवलेलं किमान वेतन १९९१ पासून तासाला २.१३ डॉलरवर थांबलेलं आहे. न्यू जर्सीत ते त्याहून जास्त आहे, पण इतरांच्या किमान वेतनापेक्षा बरंच कमी. बाकीचं टिपेतून यायचं. आपल्या लोकांना हिशेब आवडतो म्हणून सांगते: इथला सेल्स टॅक्स ६.६२५ टक्के आहे, त्याची तिप्पट केली की वीस टक्क्यांच्या जवळ जातं. पण माझ्यासारखं सूप घेऊन तासभर स्टूल अडवणार असाल, तर टक्के विसरा. मी पाच डॉलर ठेवते. घरी न्यायचं असेल तर ॲपवरून नका मागवू, फोन करून सांगा आणि स्वतः जाऊन आणा.

आमचा डायनर पूर्वी चोवीस तास उघडा असे. २०२० नंतर तो दुपारी तीनला बंद होतो. रात्रीची माणसं मिळत नाहीत आणि अंड्यांचे भाव कधी कुठे जातील याचा नेम नाही, असं मालक सांगतो. त्याच्या मुलाला हा धंदा करायचा नाही. अजून किती वर्षं, हे मी विचारलेलं नाही.

तुम्हाला एकच सुचवते. सत्तरी येईपर्यंत थांबू नका, आणि एकटं पडेपर्यंत तर नकाच. घराजवळची एक जागा निवडा, सगळ्यात चांगली नसली तरी चालेल. एक वार ठरवा आणि दर आठवड्याला त्याच वेळेला जा. पहिला महिनाभर काही होणार नाही. सहाव्या-सातव्या खेपेला मेन्यू पुढे येणार नाही, थेट तुमची कॉफी येईल. तिथून पुढे तुम्ही त्यांच्या वहीत असता.

आणि बाहेरगावी जाणार असाल तर सांगून जा. गेल्या डिसेंबरात भारतात निघाले तेव्हा मी काउंटरवर सांगितलं, पाच शुक्रवार खाडा. हा शब्द मी त्याला शिकवलाय; तो ‘काडा’ म्हणतो. त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये पाच चौकोनांवर फुल्या मारल्या आणि विचारलं, “सूप ठेवू का फ्रीझरमध्ये?”

“नको,” मी म्हटलं, “सांगून जातेय ना.”