घरात कुत्री आहे, चालेल का?

१
नेरूळची आमची सोसायटी पुनर्विकासाला चालली. मालकांना बिल्डर भाडं देणार, सामान हलवायचा खर्च देणार, काही वर्षांनी मोठं घर देणार. भाडेकरूंना महिनाभराची मुदत. इमारत सिडकोची, तीस वर्षांवरची. जिन्याच्या छतातून सळ्या बाहेर आल्यात, त्यामुळे पाडू नका असंही म्हणता येत नाही.

२
एक इमारत रिकामी होते तेव्हा तिच्यातले सगळे जण एकाच महिन्यात त्याच दोन-तीन सेक्टरांत घर शोधायला निघतात. शाळा जवळ हवी, स्टेशन जवळ हवं. मालकांच्या भाड्याचे पैसे बिल्डर भरणार, आमचे आम्ही. एजंट दोघांशीही गोड बोलतो. फोन मात्र त्यांचा आधी उचलतो.

३
एजंटच्या प्रश्नांचा क्रम ठरलेला आहे. फॅमिली ना? आडनाव काय? नोकरी कुठे? व्हेज की नॉनव्हेज? मग वही मिटता मिटता, “अजून काही?”

या “अजून काही”त भुरी येते.

४
भुरी. गावठी, मादी, सोळा किलो, डावा कान अर्धा. नसबंदी झालेली, रेबीजची लस दरवर्षी, महापालिकेचा परवाना काढलेला. माझ्या आधार कार्डावर अजून सासूबाईंचा सानपाड्याचा पत्ता आहे. घरात सगळ्यात चोख कागदपत्रं कुत्रीची.

५
“ब्रीड कुठली?”
“गावठी.”
“मग पाळली कशाला?”

६
सेक्टर दहामधलं घर. हवेशीर, भाडं जमण्यासारखं, मालक निवृत्त आणि सज्जन. हॉलमध्ये दत्तगुरूंची तसबीर, ताजा हार, पायाशी चार कुत्री.

“कुत्रं नको हो वहिनी. देवाधर्माचं घर आहे.”

७
भारतीय पशु कल्याण मंडळाचं २०१५चं परिपत्रक प्रिंट काढून पिशवीत ठेवलंय. सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, सर्वसाधारण सभेत बहुमताने ठराव केला तरी नाही. लिफ्ट नाकारता येत नाही. केरळच्या उच्च न्यायालयानेही २०२१मध्ये असल्या बंद्या बेकायदा ठरवल्या.

एका मालकाला दाखवलं. त्यांनी चष्मा लावून शांतपणे वाचलं, घडी घालून परत दिलं. “हे सोसायटीला आहे. मी कुठे सोसायटी आहे?”

बरोबरच आहे त्यांचं. राहणाऱ्याच्या कुत्र्याला कायदा सांभाळतो. राहायला येऊ पाहणाऱ्याच्या कुत्र्याची त्यात ओळही नाही.

८
एक एजंट, अगदी मनापासून: “सांगता कशाला? शिफ्टिंग रात्री करा. पहिले पंधरा दिवस पहाटे पाचला फिरवा. नंतर कुणी विचारलं तर म्हणायचं, आत्ताच आणलीय, मुलाने हट्ट केला.”

आम्हाला मूल नाही. तेही जमवता येईल असा त्याचा चेहरा होता.

९
मांजरवाल्यांचं बरं असतं, असं सगळे म्हणतात. मांजर भुंकत नाही, फिरवावं लागत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी तीन मांजरं अकरा वर्षं लपवली. सोसायटी सोडायच्या दिवशी तिन्ही पिंजरे गेटवर आले, तेव्हा सेक्रेटरी वॉचमनला म्हणाले, “ही कुणाची?”

१०
पाम बीच रोडवरच्या टॉवरची जाहिरात. पोहण्याचा तलाव, स्क्वॉश कोर्ट आणि “तुमच्या लाडक्यांसाठी खास मोकळी जागा”. छायाचित्रात सोनेरी केसांचा कुत्रा हिरवळीवर बसलाय. भाडं विचारलं. त्या पैशात सिडकोच्या सोसायटीतली तीन घरं घेता येतील, एक खास भुरीसाठी.

११
डिपॉझिटचे भाव. सरळ भाडेकरू, तीन महिने. कुत्रा असेल तर सहा, “भिंतींचं काय सांगता येतं?” एकाने हेवी डिपॉझिट सुचवलं: एकरकमी मोठी रक्कम द्या, भाडंच नको. रक्कम ऐकल्यावर भिंतींची काळजी मला वाटायला लागली.

केंद्राने २०२१मध्ये आदर्श भाडेकरू कायदा आणला. राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त अनामत घेऊ नये, असं त्यात लिहिलंय. आदर्श आहे. राज्यांनी स्वीकारायचा असतो.

१२
महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. करार लेखी हवा, नोंदलेला हवा, आणि नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नोंदला नसेल तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते खरं, उलट सिद्ध होईपर्यंत.

म्हणजे हजार रुपये वाचवायला जो मालक “कशाला रजिस्टर करायचं, आपण घरचेच” म्हणतो, त्याच्याकडे सात कुत्री नेली तरी चालतील. असे मालक कुत्रं असलेल्यांना घर देत नाहीत.

१३
शिवाजी महाराजांच्या वाघ्या कुत्र्याचा रायगडावरचा पुतळा १९३६चा. त्यासाठी पैसे इंदूरच्या होळकरांनी दिले. २०१२मध्ये काही जणांनी तो काढून टाकला, मग पुन्हा बसवला गेला. मार्च २०२५मध्ये संभाजीराजे छत्रपतींनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं: वाघ्याला इतिहासात आधार नाही, ३१ मेपर्यंत पुतळा हटवा.

नव्वद वर्षांचा रहिवास, आणि कागद मागितले.

१४
आपल्याच नेरूळमधलं एनआरआय संकुल. भटक्या कुत्र्यांना आवारात खाऊ घातल्याबद्दल रहिवाशांना दंड लावला जायचा, दिवसाला पाच हजार रुपये. २०२१च्या अखेरीला एकीचा दंड आठ लाखांवर गेल्याच्या बातम्या होत्या. पुढे वाद उच्च न्यायालयात. तिथले आदेश सोसायटीला रुचले नाहीत, आणि संकुलातल्या एका पदाधिकारी बाईंनी रहिवाशांना पत्रक पाठवलं, त्यात “डॉग माफिया” हे शब्द. त्या माफियाशी न्यायव्यवस्थेचं नातं जोडलेलं. एप्रिल २०२५मध्ये उच्च न्यायालयाने अवमानाबद्दल त्यांना आठवड्याची साधी कैद आणि दोन हजार रुपये दंड सुनावला. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची माफी मान्य करून कैद रद्द केली.

या सगळ्यात कुत्र्यांचं म्हणणं कुठे नोंदलेलं नाही.

१५
११ ऑगस्ट २०२५. दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवा, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश. आमच्या ग्रुपवर तो त्याच रात्री नेरूळला लागू झाला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला: नसबंदी करा, लस टोचा, जिथून उचललं तिथे सोडा, पिसाळलेल्या आणि चावऱ्या कुत्र्यांना मात्र सोडू नका. तो बदल ग्रुपवर अजून पोचायचाय.

१६
नेरूळ गाव. स्टेशनपासून रिक्षा, पुढे गल्लीत चालत. सिडको १९७०मध्ये आली, गावोगावच्या जमिनी गेल्या, शहर उभं राहिलं. गावठाणात मूळ घरांच्या जागी चार-चार मजले चढले. सोसायटी नाही, सेक्रेटरी नाही, सभा नाही, ठराव नाही. दोन इमारतींमधून हात बाहेर काढला तर समोरच्या खिडकीतला टॉवेल हाताला लागतो.

घरमालकीण ओट्यावर सुकट निवडत बसलेल्या. मी नेहमीचं पाठ केलेलं सुरू केलं: लस टोचलीय, चावत नाही, भुंकत नाही. त्यांनी हात वर केला. “कोंबऱ्यांच्या मागं लागंल का?”

नाही म्हटलं.

“मंग रव दे. आमचे पन दोन हायेत.”

भाडं सेक्टरातल्यापेक्षा बरंच कमी. पाणी सकाळी तासभर. इमारतीचे कागद कसे आहेत हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. नवऱ्याला बँकेत राहत्या घराचा नोंदणीकृत करार द्यायचाय, तो इथे व्हायला अडचण आहे असं एजंटने गल्लीबाहेर आल्यावर सांगितलं. त्यामुळे राहिलं. भुरीला राहायला बोलावलं, तिच्याआधी कोंबड्यांची काळजी केली, असं हे एकच घर.

१७
नेरूळच्या डीपीएस तळ्यावर रोहित आलेत. शहरभर भिंतींवर त्यांची चित्रं आहेत, महापालिका स्वतःला अभिमानाने फ्लेमिंगोंचं शहर म्हणवते. २०२४मध्ये भरतीचं पाणी आत येण्याच्या वाटा बुजल्या, तळं आटलं, पक्षी मेले. पक्षिप्रेमी भांडले. २०२५मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्र करायला मंजुरी दिली. तीस एकर, सीवूड्सच्या भावाने.

हंगामी भाडेकरू आहेत. मे-जूनपर्यंत राहतात.

१८
टोरांटोहून मावसबहिणीचा फोन. ओंटॅरिओत भाडेकरारात “पाळीव प्राणी नको” अशी अट घातली तरी ती आपोआप रद्द. इंग्लंडमध्येही १ मे २०२६पासून भाडेकरूने प्राणी ठेवायची परवानगी मागितली तर मालकाला सबळ कारणाशिवाय नाही म्हणता येणार नाही.

“मग तुझ्याकडे आहे का कुत्रा?”
“छे. इथे डॉक्टर परवडतो का?”

१९
घर दाखवताना मालकीणबाई: “आमचा आधीचा भाडेकरू सोन्यासारखा. प्राणी नाही, पाहुणे नाहीत, आवाज नाही.”
“मग गेला का?”
“भाडं बुडवून गेला.”

२०
मालकाने घर भाड्याने दिलं की सोसायटी त्याच्याकडून बिनभोगवटा शुल्क घेते. १ ऑगस्ट २००१च्या सरकारी परिपत्रकानुसार सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नाही. एका सोसायटीत सेक्रेटरींनी मालकाला सांगितलं, कुत्रा असेल तर पंधरा. पाच टक्के कुत्र्याचे. हेही परिपत्रक पिशवीतून काढलं तेव्हा म्हणाले, “ताई, तुम्ही वकील आहात का? मग तर नकोच.”

२१
जुन्या सोसायटीच्या गेटवर चार कुत्री असतात. त्यांना कुणी पाळलेलं नाही आणि सगळ्यांनी पाळलेलं आहे. तिसऱ्या मजल्यावरचे देशमुखकाका रात्री दूधभात ठेवतात, वॉचमन पोत्यावर झोपू देतो. प्राणी जन्मनियंत्रण नियम २०२३ म्हणतात की आवारातल्या कुत्र्यांना खायला घालायची जागा सोसायटीने ठरवून द्यावी. पुनर्विकासाच्या करारात पार्किंगवर अडीच पानं आहेत. देशमुखकाकांनी सभेत विचारलं, बांधकामाच्या काळात यांचं काय? बिल्डरच्या माणसाने वहीत लिहून घेतलं. काय लिहिलं ते काकांना शेजारून दिसलं: “देशमुख – तिसरा मजला – त्रासदायक.”

२२
मिळालं. सेक्टर सोळाच्या पुढे, स्टेशनपासून लांब, चौथा मजला, लिफ्ट नाही. लिफ्ट नसल्यामुळे लिफ्टमधून कुत्रं न्यायचं की नाही हा प्रश्नच नाही. मालक साताऱ्याला असतात. फोनवर एवढंच म्हणाले, “गावाकडं आमच्याकडं पण असतात. भाडं पाच तारखेला हवं.” ठरवलं होतं त्यापेक्षा अडीच हजार जास्त आहे.

२३
करार नोंदवायला एजंट घरी आला: लॅपटॉप, कॅमेरा, अंगठ्याचं यंत्र. छापील मसुद्यात कलम चौदा: जागेत कोणताही प्राणी, पक्षी वा ज्वालाग्राही पदार्थ ठेवता येणार नाही. मी बोट ठेवलं. त्याने मालकांना फोन लावला, स्पीकरवर टाकला, आणि टाइप केलं: “परवानाधारकासोबत एक कुत्री राहील. दरवाजा, भिंती यांस ओरखडे आल्यास रंगकामाचा खर्च अनामत रकमेतून.” मग विचारात पडला. “नाव टाकू का?”

मालक साताऱ्याहून: “टाका की. उद्या दुसरी आणली तर?”

भुरीचं नाव नोंदणीकृत कागदावर आलं. ज्वालाग्राही पदार्थांवरची बंदी कायम आहे; गॅस सिलिंडरचं काय ते कुणी विचारलेलं नाही.

२४
नव्या सोसायटीच्या ग्रुपवर आमच्याविरुद्ध पहिली तक्रार आली. बोंबील भाजल्याच्या वासाची.