जरा टेका!

मराठी माणसाच्या आदरातिथ्याचा पहिला शब्द कोणता, असं कुणी विचारलं तर मी बेधडक सांगेन: ‘बसा!’ चहाचं मागाहून बघता येतं, साखर संपली असेल तर शेजारून आणता येते; पण आलेल्या माणसाला उभं ठेवणं आपल्याकडे अपमानात जमा होतं. साक्षात पांडुरंग दारी आला, तेव्हा आईबापांच्या सेवेत गुंतलेल्या पुंडलिकाला मागे वळून पाहायला सवड नव्हती. तरीही त्यानं हाताला लागली ती वीट पुढे टाकलीच. देवाच्या पायांचीदेखील काही सोय करावी लागते, हे त्या भक्ताला कळत होतं.

दुकानदाराला मात्र ते कळेलच असं नाही. गेल्या दिवाळीत आमच्या सौभाग्यवतींबरोबर साडीच्या एका मोठ्या दुकानात गेलो होतो. मऊ खुर्चीवर मला बसवण्यात आलं. साड्या दाखवणारी मुलगी एकदम म्हणाली, “सर, ओळखलंत का?” ती माझ्या वर्गातली निघाली. पहिल्या बाकावर बसायची.

“किती वेळ असतेस इथे?” मी विचारलं.

“दहा तास, सर.”

“मधे बसायला मिळतं ना?”

तिनं आधी गल्ल्याकडे पाहिलं, मग हळूच म्हणाली, “बसलेलं गिऱ्हाइकाला आवडत नाही म्हणतात.”

गिऱ्हाइकाला! म्हणजे मला! माझ्या मानासाठी ही पोर दहा तास उभी होती आणि त्याची मला दादही नव्हती.

उभ्यानं काम करणं म्हणजे काय, हे मला थोडंफार ठाऊक आहे. फळ्यासमोर माझीही वीस वर्षं गेली. संध्याकाळी घोटे जड व्हायला लागले, तेव्हा डॉक्टरांनी समजावून दिलं: पोटरीचे स्नायू हा पायांतलं रक्त वर हृदयाकडे ढकलणारा पंप आहे. माणूस चालतो तेव्हा तो चालतो. माणूस एका जागी उभा राहिला की पंप स्वस्थ बसतो. रक्त पायांत साचतं, घोटे सुजतात, शिरा फुगून गाठाळ होतात. पण माझ्यामागे निदान खुर्ची असते आणि पाऊण तासानं घंटा होते. तिला ना खुर्ची, ना घंटा.

बरं, यात नवं असं काहीच नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यात पिण्याच्या पाण्यापासून थुंकदाणीपर्यंत सगळ्याचा विचार होता. उभ्यानं काम करणाऱ्यांना अधूनमधून विसावा घेता यावा म्हणून बसायची सोय करावी, असं त्यात एक स्वतंत्र कलमच होतं. पण दुकान म्हणजे काही कारखाना नव्हे! केरळात कोझिकोडच्या कापडदुकानांतल्या बायकांना हे कोडं स्वतःच सोडवावं लागलं. बसायला जागा नाही, स्वच्छतागृह नाही, म्हणून पाणीसुद्धा बेतानं प्यायचं, अशी त्यांची दशा. पी. विजी या शिंपीकाम करणाऱ्या बाईंनी त्यांना एकत्र आणलं, आणि २०१८ साली केरळच्या दुकान कायद्यात बसण्याचा हक्क आला. तमिळनाडूनं २०२१ मध्ये तोच कित्ता गिरवला. जुने तेरा कामगार कायदे एकत्र करून संसदेनं २०२० साली जी संहिता संमत केली, तिच्यातही उभ्यानं काम करणाऱ्यांच्या बसण्याची सोय नमूद आहे.

कायदा झाला म्हणून स्टूल आपल्या पायांनी चालत दुकानात येत नाही, हे मात्र खरं. ते मागणारीला नोकरीची धास्ती असते. न देणाऱ्याला वाटतं, बसलेला नोकर आळशी दिसतो. आपल्या पेठांतली जुनी कापडदुकानं आठवा. पांढऱ्याशुभ्र गादीवर मालक बसे, गुमास्ता बसे, गिऱ्हाईकही बसे. ऐसपैस मांडी घालून खण-लुगड्यांची खरेदी होई. त्यात कुणाचा अपमान झाल्याचं ऐकिवात नाही. काउंटर आले, काचेची कपाटं आली, आणि गिऱ्हाइकाचा मान नोकराच्या पायांवर उभा राहिला.

आणि म्हणूनच, वाचकहो, या गोष्टीचा निकाल थोडासा आपल्याही हाती आहे. आपलं नाव पुढे करून जर कुणाला उभं ठेवलं जात असेल, तर आपणच ते नाव मागे घ्यायला काय हरकत आहे? या दिवाळीत साड्यांचा ढीग समोर पडेल, तेव्हा मालकाला ऐकू जाईल अशा बेतानं एवढंच म्हणा, “बाई, तुम्हीही जरा टेका. आम्हाला चालेल.” भावात घासाघीस करताना आपला आवाज छान चढतो. तेवढा चढला तरी पुरे!