शेपटीखाली वाकताना

विमान जागेवर येऊन चाकांना चोक लागले की मी आधी शेपटीखाली जातो. बोईंग ७३७-८०० असेल तर तिथे पोटाला एक छोटा पाय असतो, टेल स्किड. उड्डाण घेताना चाकं धावपट्टीवरच असली आणि नाक ११ अंशांच्या आसपास उचललं गेलं, तर शेपटी खाली टेकते. तो मार स्किड झेलते आणि तिच्या आतली कार्ट्रिज चेपते. बाहेर हिरवा-लाल पट्टा असतो. टॉर्चच्या उजेडात त्यातलं हिरवं दिसल्याशिवाय मी सही करत नाही.

लांब विमानांना राखण जास्त. एअरबस ए३२१ उतरताना नाक फार वर गेलं तर कॉकपिटमध्ये ‘पिच, पिच’ असा आवाज येतो. बोईंग ७७७-३००ईआरचा संगणक तर शेपटी टेकेल असं दिसताच नाक उचलणाऱ्या एलिव्हेटरचा जोर कमी करतो.

तरी एका पावसाळी रात्री मला कळलं ते माणसाकडून. त्या विमानाला स्किड नव्हती. पुढे कुणालाच काही जाणवलं नव्हतं. मागच्या गॅलीतली मुलगी जिन्यावर थांबून म्हणाली, “सर, उतरताना खाली घासल्यासारखं वाटलं.” मी वाकलो. हातभर रंग गेला होता, पत्रा चकाकत होता. विमान तिथेच थांबवलं. नोकरीला लागून तिला वर्षही झालं नव्हतं. बोलायला धीर लागला असणार.

हातभर रंगाचं एवढं काय, असं नवी पोरं विचारतात. विमान दर उड्डाणाला आतून फुगतं, उतरलं की बसतं. पत्र्यावरचा ओरखडा प्रत्येक फुगण्याबरोबर कणाकणाने पुढे चिरत जातो. १९८० साली हाँगकाँगला चायना एअरलाइन्सच्या एका ७४७ची शेपटी घासली. खराब पत्रा कापून काढायचा सोडून त्यावर ठिगळ मारलं गेलं. ठिगळाखालची चीर कुणाला दिसली नाही. २००२ साली ते विमान तैवानच्या सामुद्रधुनीवर हवेतच फुटलं. २२५ माणसं गेली.

जपान एअरलाइन्सचं दुखणं मला अधिक बोचतं, कारण ते रिव्हेटचं, म्हणजे माझ्याच कामाचं आहे. १९७८ साली ओसाकाला त्यांच्या एका विमानाची शेपटी आपटली. मागच्या प्रेशर बल्कहेडचा, म्हणजे केबिनमधला दाब अडवणाऱ्या भिंतीचा, खालचा अर्धा भाग नवा बसवला. सांध्यात एक सलग पट्टी हवी होती. तिचे दोन तुकडे झाले आणि एका ठिकाणी सगळा भार रिव्हेटच्या एकाच रांगेवर आला. सात वर्षं ती रांग टिकली. १२ ऑगस्ट १९८५ला बल्कहेड फाटला, उभं शेपूट उडालं, चारही हायड्रॉलिक तुटले. ५२४ पैकी चौघी वाचल्या.

शेपटीतला आवाज मागच्या रांगांना आधी ऐकू येतो. तुम्ही तिथे बसला असाल आणि विमान उठताना खालून घासल्याचा आवाज आला, तर संकोच न करता क्रूला सांगा. निरोप वेळेत पुढे पोचला, तर कॅप्टन केबिनमध्ये दाब न भरता विमान परत आणतो.