पंधरा दिवसांची अट

सिनेमातलं मला फारसं कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. कॅमेरा, संकलन यांवर बोलणारी माणसं वेगळी. रात्री ओटा पुसून, दुधाला विरजण लावून झालं की मी सासूबाईंच्या खोलीत जाऊन बसते आणि आम्ही दोघी टीव्हीवर काहीतरी लावतो. कधी अर्ध्यावर झोप लागते, कधी डोळे पुसत उठतो. गेल्या दोन महिन्यांत असं बरंच पाहिलं. नवं, जुनं, राहून गेलेलं. त्याबद्दल थोडंसं.

आम्ही बनारसला राहतो, दुर्गाघाटाजवळच्या एका गल्लीत. माझं माहेर वाईचं; इथे येऊन एकवीस वर्षं झाली. सासरची मंडळी मात्र कित्येक पिढ्या इथलीच. घरात मराठी, दाराबाहेर बनारसी. त्यामुळे पडद्यावर आमचं गाव दिसलं की आम्ही प्रेक्षक कमी आणि परीक्षक जास्त होतो. एका गल्लीत शिरलेला नायक भलत्याच घाटावर कसा निघाला, यावर दहा मिनिटं जातात. सासूबाईंची तक्रार वेगळीच. "यांच्या बनारसात कुणी भाजी आणायला जात नाही का गं? सगळे आपले आरती बघतायत, नाहीतर मरतायत."

'रांझणा' (२०१३) पुन्हा पाहिला. पहिल्यांदा पाहिला तेव्हा होळी, गच्च्या, गाणी यांनी भारून गेले होते. आता घरात कॉलेजात जाणारी मुलगी आहे. 'नाही' म्हणणाऱ्या मुलीसाठी मनगट कापून घेणारा कुंदन आता मला प्रेमिक वाटेना, काळजी वाटायला लागली. मुरारी आणि बिंदिया मात्र आजही आवडले. या सिनेमाच्या तमिळ आवृत्तीचा शेवट २०२५ मध्ये एआय वापरून बदलला आणि कुंदनला जिवंत ठेवलं. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि धनुष दोघांनीही त्याला विरोध केला. मला कुंदन फारसा आवडत नाही, पण त्याचं मरण असं खोडरबराने पुसून टाकणं मलाही पटलं नाही. आमच्या खिडकीखालून मणिकर्णिकेकडे जाणारी माणसं रोज दिसतात. त्यांचा शेवट कोण बदलणार?

मग 'पंचायत'. ही मालिका आमच्याकडे सगळ्यांना आवडते. फुलेरा गाव दाखवलंय बलिया जिल्ह्यातलं, म्हणजे आमच्या पूर्वांचलातलं. चित्रीकरण झालंय मध्य प्रदेशात, सिहोर जिल्ह्यात. हे मी फोनवर बाबांना सांगितलं तर ते हसले. "त्यात काय नवल? 'स्वदेस'चं गाव उत्तर प्रदेशातलं, आणि शाहरुख खान फिरत होता आमच्या मेणवलीच्या घाटावर. 'दबंग'सुद्धा वाईलाच. तुझं सासर आमच्याकडे येऊन शूटिंग करून जातं!" वाईला दक्षिण काशी म्हणतात, याचा बाबांना केवढा अभिमान. खरी काशी मात्र त्यांनी पाहिली ती फक्त माझ्या लग्नात. तीही धावतपळत.

'पंचायत'मध्ये सचिवजी आणि रिंकीचं काय होणार, याकडे मुलीचं लक्ष. माझं लक्ष प्रल्हादकडे. दुसऱ्या सीझनच्या शेवटी त्याचा सैन्यातला मुलगा जातो. तिसऱ्यात हा माणूस हातात पैसे आणि समोर रिकामं घर घेऊन बसलेला असतो. फैसल मलिकने ते काम इतकं साधं केलंय की तो अभिनय करतोय असं वाटतच नाही. सासरे गेल्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "त्याच्या घरी कुणीतरी दिवा लावायला पाहिजे." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सासऱ्यांच्या खोलीतला दिवा त्यांनी स्वतः उठून लावला. दोन वर्षांत पहिल्यांदा.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की सिनेमा कोणताही असो, मी एकच गोष्ट बघते. कुणी गेल्यावर मागे राहिलेल्यांकडे तो किती वेळ थांबून पाहतो?

म्हणून 'मसान' (२०१५) आवडला. नीरज घायवान यांचा हा पहिला मोठा चित्रपट. कान महोत्सवात त्याला दोन पुरस्कार मिळाले होते. दीपक घाटावर चिता रचणाऱ्या घरातला. प्रेतं जाळणं हे त्याच्या घरचं रोजचं काम. आणि एका रात्री समोर आलेल्या प्रेताच्या बोटातली अंगठी त्याला ओळखू येते. त्या प्रसंगानंतर मी टीव्ही बंद करून पाणी पिऊन आले. पण सिनेमा तिथे संपत नाही, हेच त्याचं मोठेपण. दीपक रडतो, मित्रांसोबत बसतो, पुढे नोकरीला लागतो. संजय मिश्रांनी केलेले पाठकजी तर आमच्या घाटावर रोज भेटतात असं वाटलं. इज्जतीच्या भीतीने लेकीशी धड बोलू न शकणारा बाप. सासूबाईंचा शेरा: "याने मुलीला आधी जेवलीस का विचारलं असतं, तर निम्मा सिनेमा वाचला असता."

शेवटी 'मुक्ती भवन'. शुभाशीष भुतियानी यांचा हा सिनेमा आपल्याकडे २०१७ मध्ये लागला होता. दया नावाच्या म्हाताऱ्या माणसाला स्वप्न पडतं, आपली वेळ जवळ आली असं वाटतं, आणि तो मुलाला म्हणतो, मला काशीला घेऊन चल. अशा लोकांसाठीच्या भवनात त्यांना खोली मिळते, पंधरा दिवसांच्या अटीवर. गोदौलियाजवळ काशी लाभ मुक्ती भवन नावाची अशी खरी संस्था आहे. मी तिच्यावरून कितीदा तरी गेलेय. मुलगा राजीव (आदिल हुसेन) वडिलांवर प्रेम करतो, पण त्याचा मोबाइल वाजत राहतो, साहेब कामं सांगत राहतात. तो वाईट नाही. त्याला वेळ नाही.

मला वाटलं होतं हा सिनेमा जड असेल. पण त्यात सगळे मिळून टीव्हीवर मालिका बघतात, भाजी खारट झाली म्हणून कुरकुर करतात, भांडतात. मरायला आलेली माणसंही जेवणखाण सोडत नाहीत. "हे आपलं बनारस," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी दिलेलं हे पहिलं प्रमाणपत्र.

उत्साहाच्या भरात मी बाबांनाही तो बघायला सांगितला. ही चूक म्हणावी की काय, अजून ठरवता येत नाही. चार दिवसांनी त्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं आणि मग म्हणाले, "मी येऊ का गं तुझ्याकडे?"

आई गेल्यापासून बाबा एकटे आहेत. हा प्रश्न त्यांनी आधीही विचारला होता, वेगवेगळ्या शब्दांत. मी दर वेळी म्हणायची, मेमध्ये फार ऊन असतं, पावसात गंगा पायऱ्या चढून येते, मुलीची परीक्षा होऊ दे. सगळं खरंच होतं. राजीवचीही सगळी कारणं खरीच होती.

खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. वडिलांनी या वयात काशीला यायचं म्हटलं की मनात एकच अर्थ येतो. तो अर्थ ऐकायला लागू नये म्हणून मी ऊन-पाऊस सांगत राहिले. आणि सिनेमातल्या पाठकजींना, राजीवला मात्र रोज रात्री नावं ठेवत राहिले.

"बाबा, तुम्ही... म्हणजे कशासाठी?" मी विचारलं.

तिकडे क्षणभर शांतता. मग म्हणाले, "अगं, मरायला नाही. आणि मेलोच, तर तुझी धावपळ वाचेल. पण आधी तुझी ती भाजीवाली बघायचीय. एकवीस वर्षं नुसती ऐकतोय तिच्याबद्दल."

मी हसले आणि रडलेही. सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी हात पुढे करून फोन घेतला. "या तुम्ही. आमच्याकडे पंधरा दिवसांची अट नाही. फक्त रात्री आमच्याबरोबर टीव्ही बघावा लागेल."

बाबांनी एकच चौकशी केली: जिने किती आहेत? जुन्या बनारसी घराचे जिने म्हणजे उंच, अरुंद आणि अंधारे. फोन ठेवल्यावर मी पायऱ्या मोजल्या. खालपासून आमच्या मजल्यापर्यंत सव्वीस. त्यांच्या गुडघ्यांना ते जमणार नाही. खालची खोली सध्या जुन्या ट्रंका, मोडक्या खुर्च्या आणि कुठल्याशा पंख्याने भरलीय. रविवारी ती रिकामी करायला घेतोय. या आठवड्यात त्यामुळे काही नवीन बघून होणार नाही.