पंचकल्याणी घोडीच्या चिखल्या

‘चिखल्या’ हा शब्द मराठीत नेहमी अनेकवचनीच येतो. एक चिखली कुणाला होत नाही. होतात त्या चिखल्या, आणि त्याही पायाच्या बोटांच्या बेचक्यांत. शहरातल्या वाचकांना त्या पावसाळ्यातल्या ओल्या बुटांमुळे ठाऊक असतील. धानाच्या मुलखात मात्र रोवणी करणाऱ्या बायकांच्या पायांत त्या जोडव्यांच्या शेजारी दरसाल येऊन बसतात. पण घोड्यालाही चिखल्या होतात हे मी यंदाच्या श्रावणात प्रथमच ऐकले, आणि तेही चिखला नावाच्या गावात!

चिखला हे भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यातले मँगनीजच्या खाणीचे गाव. माझी धाकटी बहीण तिथे दिलेली. गावाचे नाव चिखलावरूनच पडले काय, असे विचारून मी मेहुण्यांना भंडावून सोडले. ते शांतपणे म्हणाले, “नावाचं तुम्ही बघा, दादा. आधी चप्पल हातात घ्या.”

त्यांच्या घरामागे वरातीच्या घोडीचा मालक राहतो. घोडी तांबूस, चारही पाय पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा, म्हणजे पंचकल्याणी. अशा घोडीवर बसलेला नवरदेव भाग्याचा, अशी समजूत असल्यामुळे तिला मागणी फार. आषाढीला लग्ने थांबतात आणि तुळशीच्या लग्नानंतर पुन्हा सुरू होतात. मधले चार महिने घोडी नुसती खाते आणि भिजते. मी पाहिली तेव्हा ती मागचा एक पाय उचलून उभी होती. टापेच्या वर, मागच्या बाजूला जिथे कातडीला घडी पडते, तिथे खपल्यांचे थर. एक खपली निघाली की केसांचा झुबका तिच्याबरोबरच येई आणि खाली ओली, लालसर कातडी दिसे.

माणूस काही आळशी नव्हता. रोज संध्याकाळी बादल्या ओतून तो तिचे पाय धुई, ओल्या अंगावरच खरारा करी आणि वर गाडीचे जळके ऑइल चोपडी. तरी दुखणे वाढतच होते.

सरकारी दवाखान्यातले पशुवैद्य आले तेव्हा मी मुद्दाम थांबलो. त्यांचे म्हणणे असे की, चिखलापेक्षा दोष ओलीचा. सतत भिजलेली कातडी मऊ पडते, चिखलातले बारीक खडे तिला ओरखडे पाडतात आणि त्या वाटेने जंतू आत शिरतात. त्यांतल्या एकाचे नाव डर्मॅटोफिलस काँगोलेन्सिस. १९१५ साली बेल्जियन काँगोतल्या गुरांत तो प्रथम ओळखला गेला म्हणून हे नाव. कोरड्या खपलीत हा दडून बसतो आणि पाणी मिळाले की चक्क पोहू लागतो! पांढऱ्या केसांखालची गुलाबी कातडी त्याला अधिक सहज बळी पडते. म्हणजे ज्या चार पायांमुळे घोडी कल्याणकारी, नेमके तेच पाय त्याला सापडतात. आपल्या समजुतींशी जंतूंनी असा दावा का मांडावा, कोण जाणे!

उपाय साधे, पण चिकाटीचे. खपल्या ओढून काढायच्या नाहीत. कोमट पाण्याने मऊ करून हळूच सोडवायच्या. मग परमँगनेटच्या पाण्याने पाय धुवायचे. पूर्वी साथीच्या दिवसांत विहिरीत टाकीत ते लाल औषध हेच. दहा लिटर पाण्यात एक ग्रॅम, पाणी फिकट गुलाबी दिसेल इतकेच. गडद जांभळे केले तर तेच औषध कातडी भाजते. नंतर जुन्या लुगड्याने पाय टिपून अगदी कोरडे करायचे. ऑइल बंद, कारण ते ओल आत कोंडते. पुढे चिखल लागला तर तो वाळू द्यायचा आणि मऊ ब्रशाने झाडायचा. पाय सुजला किंवा ताप आला तर मात्र घरी काही करीत न बसता दवाखाना गाठायचा.

हे लाल औषध मँगनीजपासूनच बनते. गावचा काळा दगड बहुतेक पोलादाच्या कामी जातो हे खरे, पण त्याचा हा गुलाबी नातलग चिखल्यात, चिखलावर उपयोगी पडताना पाहून माझ्यातला भाषेचा मास्तर सुखावला.

“आणि घोडीले कोरड्या जाग्यावर उभी ठेवा,” असे शेवटी डॉक्टरांनी सांगितले. तेव्हा दारात उभी असलेली मालकाची बायको हसली. बांधीतून नुकतीच आलेली, पोटऱ्यांपर्यंत चिखल. म्हणाली, “घोडीले कोरडी ठेवा म्हनते. मले कोन ठेवते?”

कुणीच उत्तर दिले नाही. तिच्या बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून फाटल्या होत्या. त्यावर ती वाटलेला मेंदीचा पाला लावते, आणि सकाळी पुन्हा रोवणीला जाते. रोजी बुडवून पाय कोरडे ठेवणे तिला परवडत नाही.

कोरडी जागा करायची म्हणजे अंगणात मुरूम टाकायचा, वर पत्रे घालायचे. घोडीची कमाई तर बंद. शेवटी दोन ट्रॉल्या मुरूम आला तो तिच्या रोवणीच्या मजुरीतून. बहिणीने मला हे फोनवर सांगितले. घोडी आता चारही पाय टेकते, जखमा भरल्या आहेत. केस मात्र अजून विरळ आहेत. तुळशीच्या लग्नानंतरची पहिली सुपारी आली आहे, आणि मुलीकडच्यांनी पंचकल्याणीच हवी असे बजावले आहे.