सरचूहून माघारी

तुमच्या घरातला मुलगा मोटारसायकलवर लेहला जाईन म्हणून हट्ट धरून बसला असेल, तर त्याला रागावू नका. हा मजकूर मात्र त्याला वाचायला द्या, आणि त्याच्या आईलाही वाचून दाखवा.

2022 साली पोळा झाल्यावर मी आणि माझा पुतण्या चोपड्याहून निघालो. निंदणी आटोपली होती, कापूस वेचणीला अवकाश होता. गाडी आमचीच, शंभर सीसीची, रोज शेतात जाणारी. वहिनींनी दशम्या, शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आणि म्हणाल्या, "भाऊजी, पोरगा तुमच्या हवाली." शिरपूरला आग्रा रोड धरला, बिजासनचा घाट चढलो, आणि दीड हजारांहून अधिक किलोमीटर तुडवून मनालीला पोचलो. त्या वाटेचे काही सांगत नाही. ट्रक, धूळ आणि ढाबे आपल्याकडेही आहेत.

मनालीपुढे पूर्वी रोहतांगची खिंड चढावी लागे आणि हिवाळ्यात ती महिनोन् महिने बंद राही. 2020 मध्ये तिच्या खालून 9 किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला. अलीकडे हिरवेगार डोंगर, पलीकडे कोरडे, उघडेबोडके! रोहतांगची भिंत पाऊस अडवून धरते. सह्याद्रीच्या आडोशाला असलेल्या आपल्या खानदेशाला हे वेगळे सांगायला नको. हा लाहौल. इथले शेतकरी बर्फाचे पाणी लहान पाटांनी शेतात आणतात आणि त्यावर बटाटा, मटार पिकवतात. पाटाला ते कूल म्हणतात. पाटाकडेला बसलेला माणूस पाहून मला साक्रीकडची फड पद्धत आणि तिचा पाटकरी आठवला.

तांडी गावाशी चंद्रा आणि भागा या दोन नद्या मिळतात आणि पुढे चंद्रभागा होतात. पंढरीची चंद्रभागा आपण जाणतो. ही तिची हिमालयातली नामसखी. तिथल्या पंपावर पाटी होती, पुढचा पेट्रोल पंप 365 किलोमीटरवर. टाकी भरली, वर पाच लिटरचा डबा बांधला.

आणखी एक नवल सांगतो. आपल्या सातपुड्यातला नाला पाऊस पडला की चढतो. तिथला नाला ऊन पडले की चढतो! दिवसभर बर्फ वितळते आणि दुपारनंतर रस्त्यावरून पाण्याचा लोंढा वाहू लागतो. म्हणून नाले सकाळीच ओलांडायचे. बारालाचा खिंड सोळा हजार फुटांवर आहे. तिथे हवा इतकी विरळ की इंजिनालाही माणसासारखी धाप लागते. चढावर एकाने उतरून चालावे तेव्हा गाडी हले.

जिस्पा साडेदहा हजार फुटांवर, सरचू चौदा हजारांवर. दहा हजारांच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका रात्रीत दीड हजार फुटांपेक्षा जास्त चढवू नये, असे डॉक्टर सांगतात. हा रस्ता ते पाळू देत नाही. वाटेतली तंबूंची ठिकाणेही उंचच. आम्ही सरचूच्या तंबूत निजलो. पुतण्या तालमीतला, मी पन्नाशी ओलांडलेला. रात्री डोके धरून बसला तो पुतण्या. उलट्या झाल्या. पहाटे तीनला बाहेर जायला उठला आणि दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खाऊ लागला. तंबूवाला म्हणाला, "याला आत्ताच खाली न्या." मेंदूला सूज येऊ लागल्याची ती खूण असते आणि त्यात तास-दोन तासही मोलाचे असतात. ही हवा तरुण-म्हातारा पाहत नाही, पैलवानालाही सोडत नाही.

पण खाली जायचे तर आधी बारालाचा पुन्हा चढायचा! पुढे लेहच्या बाजूला तर त्याहून उंच खिंडी. तंबूवाल्याने प्राणवायूचे नळकांडे दिले, एक जीपवाला उठवला. गाडी तिथेच टाकून निघालो. खिंडीत पोराचे डोके माझ्या मांडीवर होते. मी त्याला हाका मारत होतो, तो "हूं" म्हणत होता. वहिनींना काय सांगू, एवढेच मनात फिरत होते. जिस्पा मागे पडता पडता त्याने डोळे उघडून पाणी मागितले. केलाँगच्या डॉक्टरांनी दोन दिवस ठेवून घेतले. गाडी तिसऱ्या दिवशी एका रिकाम्या ट्रकमधून खाली आली.

लेह पाहिले का, असे गावात अजून विचारतात. नाही पाहिले.

पुतण्या पुन्हा जायचे म्हणतो. मी त्याला श्रीनगर-कारगिलची वाट सांगितली आहे. तिकडे जोजिला साडेअकरा हजार फुटांवर, पुढची फोटुला साडेतेरा हजारांवर, आणि रात्री झोपायला कारगिल नऊ हजारांच्या आत. शरीराला सवय व्हायला वेळ मिळतो. वहिनी अजून हो म्हणालेल्या नाहीत.