राजेपण, भाड्याने

जानेवारी लागला की आमच्या भंडारा जिल्ह्यात राजांचा तुटवडा पडतो. सरदार मिळतात, मावळे तर ढिगाने मिळतात, एखादा ऋषीही निघतो. पण राजा सांगून ठेवायला उशीर झाला की संपलं. शाळाशाळांची स्नेहसंमेलनं एकाच पंधरवड्यात येतात, गावोगावच्या नाटकांचा हंगामही तेव्हाच भरात असतो, आणि तालुक्याच्या ड्रेपरीवाल्याकडे राजे मोजून दोन. त्यातला मोठा लाखनीकडे गेलेला असतो आणि लहान साकोलीहून परत यायचा असतो, तोही उसवला असेल तर टाके घालून मिळणार.

मास्तरकीत असताना संमेलनाची ड्रेपरी आणायचं काम बहुतेक माझ्याकडेच यायचं. ते दुकान म्हणजे एक लांब, अंधारी खोली. आडव्या बांबूंवर मखमली अंगरखे, सॅटिनचे शेले, जरीची किनार लावलेली झूल की शालू हे कळू नये अशी वस्त्रं. खाली ट्रंकेत तलवारी. सगळीकडे डांबराच्या गोळ्यांचा वास आणि त्याखाली, दाबून न दबणारा, कोणाच्या तरी घामाचा. प्रत्येक कॉलरच्या आत बॉलपेनने खूण केलेली. राजाच्या अंगरख्याची पाठ उघडी, नुसत्या नाड्यांची. म्हणून तोच अंगरखा नववीतल्या काडीपैलवानाला बसतो आणि पन्नाशीच्या सरपंचालाही. पुढून पाहिलं तर राजा, मागून पाहिलं तर ऑपरेशनला नेलेला पेशंट.

‘राजाचा पाह्यजे का सरदाराचा, गुरुजी? राजाचं भाडं जास्त लागते,’ ड्रेपरीवाला विचारायचा. मग जिरेटोप फडक्यातून काढून दोन्ही हातांनी पुढे करायचा. ‘टोप देतो जी, पण पायात चप्पल ठेवून कोनी घालाचा नाही. पोट्ट्यायले सांगून ठेवा.’ त्या टोपावरची जर काळी पडलेली असे, मोत्यांच्या सरातले निम्मे मणी गळालेले असत. पण अट कधी सुटली नाही. अनामत घेऊन कपडे देणारा हा माणूस भाड्यासोबत एक वळणही देत होता, आणि त्याचे पैसे लावत नव्हता.

पुढे जे व्हायचं ते मी दरवर्षी पाहत आलो. पाढे म्हणायला उभं केलं की शर्टाची बटणं चावणारं पोरगं टोप डोक्यावर आला की मान वळवायच्या आधी खांदा वळवायला लागे. चालणं सावकाश होई. आईने नवा शर्ट घेतला तर तो मळेल म्हणून पोर आखडतं. भाड्याच्या अंगरख्यात ते सैलावतं. हा कपडा उद्या परत जाणार, आपल्याला त्याचा हिशेब द्यायचा नाही, उरलं काय तर आजची रात्र. मालकी नसण्याचं हे एक सुख आहे आणि त्याची वाच्यता फारशी कोणी करत नाही.

हे सुख झाडीपट्टीला नवं नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या धानपट्ट्यात दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, भरू लागल्या की नाटकांचा मोसम सुरू होतो तो होळीपर्यंत. वडशाच्या बाजारपेठेत नाटक कंपन्यांच्या कचेऱ्या रांगेने उभ्या आहेत. गावचं मंडळ तिथे जाऊन प्रयोग ठरवून येतं. गावात शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, असेल तर दिवसा बैल, रात्री नाटक. रात्री दहाच्या पुढे पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत चालतं. लेकीजावई येतात, घराघरांत पाहुण्यांच्या पंगती उठतात, मुलगी पाहण्याचे कार्यक्रम त्याच मुक्कामात उरकतात. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्याकडे अनेकांना आपल्याच घरी काही आल्यासारखं वाटलं. व्यावसायिक कंपन्यांच्या आधीपासून आणि आजही, गावची हौशी मंडळी पदरमोड करून नाटक बसवतात. धान कापून, चुरणं उरकून आलेला माणूस रात्री दरबार भरवतो. त्या दरबारातलं काहीही त्याचं नसतं. आवाज तेवढा स्वतःचा.

माझी भाची कामानिमित्त सेऊलला गेली होती. तिने घरच्या ग्रुपवर फोटो टाकला: मागे कमानदार छपरांचा राजवाडा, पुढे ही, अंगात आखूड चोळीवजा चोगोरी आणि छातीपासून घेर घेत पायापर्यंत उतरलेला फिकट जांभळा चिमा. तो कोरियाचा पारंपरिक वेश, हानबोक. खाली तिने लिहिलं होतं, ‘मामा, चार तासांचं भाडं भरलं.’ मी लगेच विचारलं, अनामत किती? इतक्या वर्षांची सवय.

तिच्याकडून कळलेली आणि मग मी वाचून काढलेली हकीकत अशी. ग्योंगबोकगुंग हा सेऊलमधला मोठा राजवाडा. आसपासच्या गल्ल्यांत हानबोक भाड्याने देणारी दुकानं ओळीने आहेत. तासांवर भाडं, केसांची वेणी घालून मिळते, आपले कपडे ठेवायला कपाट मिळतं. राजवाड्याचं तिकीट मोठ्या माणसाला ३००० वॉन. पण हानबोक घालून गेलं तर तिकीट नाही. पोशाख हाच परवाना. आपल्याकडे याचं उलट रूप माहीत आहे: उज्जैनला महाकालाच्या गाभाऱ्यात शिरायचं तर २०२३ पर्यंत पुरुषांना धोतर-सोवळं लागायचं, म्हणून बाहेर ते भाड्याने मिळायचं. तिथे कपडा नसेल तर आत घेत नसत. इथे कपडा असेल तर पैसे घेत नाहीत. एका ठिकाणी नियम अंगावर चढवतो, दुसऱ्या ठिकाणी आमिष. पण दोन्हीकडे माणूस उंबरठ्याशी येऊन कपडे बदलतो, आणि कपडे बदलले की थोडा बदलतोच.

मला जास्त भिडला तो त्या राजवाड्याचा इतिहास. १३९५ साली बांधला. १५९२ च्या जपानी स्वारीत जळाला आणि पावणेतीनशे वर्षं तसाच पडून राहिला. १८६७ च्या सुमारास पुन्हा उभा केला, तर पुढे जपानी राजवटीत त्यातल्या बहुतेक इमारती उतरवल्या गेल्या आणि राजवाड्याच्या थेट तोंडासमोर गव्हर्नर-जनरलची दगडी कचेरी आली. ती १९२६ साली पुरी झाली. स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा, १५ ऑगस्ट १९९५ ला, ती कचेरी पाडायला घेतली. १५ ऑगस्ट हा त्यांचाही सुटकेचा दिवस. आजपर्यंत एकेक दालन, एकेक दरवाजा पुन्हा बांधणं चालू आहे. म्हणजे भाची ज्या राजवाड्यासमोर भाड्याच्या घेरात उभी होती, तो राजवाडाही बराचसा नव्याने शिवलेला. राजा नाही, राणी नाही, दरबारी नाहीत. अंगणात माणसं हवीत, तर ती भाड्याच्या वेशात येतात. रिकाम्या दरबाराला गर्दी पुरवण्याचं काम पर्यटक करतात, तेही स्वतः भाडं भरून.

यावर नाक मुरडणारेही आहेतच, आणि ते परके नाहीत. २०२४ साली कोरियाच्या वारसा खात्याच्या प्रमुखांनी जाहीर तक्रार केली की राजवाड्याभोवती मिळणारे हानबोक मूळ पेहरावापासून फार दूर गेले आहेत. घेराला आतून तारेची कडी, पाठीला मोठ्ठा बो, सोनेरी छपाईचा भडिमार. हे वाचताना मला आमचा ड्रेपरीवाला आठवला. त्याच्या बांबूवर सातवाहन राजा, अकबर बादशहा आणि हरिश्चंद्र एकाच मखमलीत असत. फरक फक्त कमरपट्ट्याचा. आता मुलींसाठी शिवलेली नऊवारी मिळते, कमरेला इलॅस्टिक, काष्टा आधीच टाचलेला, दोन मिनिटांत नेसून तयार. माझ्या आईने ती पाहिली असती तर हसून हसून पदर तोंडाला लावला असता. पण ती शिवलेली नऊवारी नसती तर संमेलनातल्या पोरी काय नेसल्या असत्या? सलवार. काष्टा घालायला शिकवणाऱ्या आज्या घरात राहिल्या नाहीत, आणि ज्या आहेत त्यांना संमेलनाच्या दिवशी सकाळी कोणी बोलावत नाही. खोट्यावर रागावण्याआधी खरं कुठे ठेवलं आहे ते पाहावं लागतं.

सेऊलच्या राजवाड्याच्या नियमांतली आणखी एक गंमत. आधी बाईने घेर आणि पुरुषाने विजार घातली तरच फुकट प्रवेश असे. त्यांच्या मानवाधिकार आयोगाने हा भेदभाव ठरवला आणि जुलै २०१९ पासून कोणीही काहीही घातलं तरी चालू लागलं. आमच्या दंडारीला, म्हणजे झाडीपट्टीच्या लोकनाट्याला, हे सांगितलं असतं तर तिने विचारलं असतं, यात नवं काय? दंडारीत लुगडं नेसून उभा राहणारा पुरुषच असे, आणि गाव त्याला राणी म्हणून मानत असे. तिकडे पुण्या-मुंबईत बालगंधर्वांनी तर ड्रेपरी भाड्याने आणायची कल्पनाच मोडीत काढली. रंगमंचावर खरे शालू, खरी जर, उंची अत्तरं. त्यांच्या नेसण्याची नक्कल घरंदाज बायका करू लागल्या. पण या खरेपणाचा खर्च गंधर्व नाटक मंडळीला कर्जाच्या खाईत घेऊन जाणाऱ्या कारणांपैकी एक ठरला. नाटकाचं वैभव त्यांनी स्वतःच्या मालकीचं केलं आणि ते त्यांना पेललं नाही. आमचा ड्रेपरीवाला मात्र कधी बुडाला नाही. डागाचे पैसे वेगळे घ्यायचा.

भाड्याच्या वेशातला आमच्या घरचा सगळ्यात जुना फोटो काश्मीरचा आहे. दल सरोवराकाठी फिरन, चांदीसारखे दागिने, बगलेत घडा, हातात प्लास्टिकच्या फुलांची टोपली, आणि चेहऱ्यावर ‘लवकर काढा’ हा भाव. महाराष्ट्रात लग्नानंतर काश्मीरला गेलेल्या कुठल्याही जोडप्याच्या घरी हा फोटो असतोच. तो पाहताना थोडं अवघडल्यासारखं होतं, कारण त्यात आपण दुसऱ्याचा रोजचा कपडा पाच मिनिटांची मजा म्हणून घातलेला असतो. सेऊलच्या अंगणात परदेशी पाहुणे भरपूर, पण भाची सांगत होती की तरुण कोरियन मुलंमुलीही तितकीच असतात. ती आपल्याच पणजीचा वेश भाड्याने घेतात. मला हे महत्त्वाचं वाटतं. परक्याचं रूप भाड्याने घेणं सोपं. आपलं स्वतःचं भाड्याने घ्यायला जरा धीर लागतो, कारण त्यात ‘हे आता माझ्या घरी नाही’ अशी कबुली असते.

आणि आमच्याकडे तर ते अजून घरी आहे. भंडारा जिल्ह्याच्या जंगलांत ऐनाच्या, अर्जुनाच्या झाडांवर कोशाच्या अळ्या वाढतात. ढिवर समाजातली माणसं पाखरांपासून त्या राखत बसतात. मोहाडी, आंधळगाव, पवनी इकडचे कोष्टी त्या कोशाचं कापड विणतात. करवतकाठी साडीचा काठ पाहावा: करवतीच्या दात्यांसारखी टोकं साडीच्या अंगात घुसलेली. ती छापलेली नसतात, शिवलेलीही नसतात. दोन काठांचे दोन धोटे आणि अंगाचा एक, अशा तीन धोट्यांनी बाण्याचे धागे एकमेकांत अडकवत ती उमटवायची. मागावर एका बाजूने बोटभर काठ पुढे सरकलेला पाहायला बराच वेळ थांबावं लागतं. या साडीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. पण साडीचं काय होतं? लग्नात घेतात, एकदा नेसतात, घडी घालून पेटीत ठेवतात. पुढच्या लग्नात ‘ही तर मागच्या वेळी नेसली होती’ म्हणून दुसरी. विणणाऱ्याने धाग्यात धागा गुंतवलेला, आणि वापरणाऱ्याने तिला कुलपात गुंतवलेलं.

कोसा, म्हणजे हे कोशाचं रेशीम, तर भाड्याने द्यायलाच जन्मलेला कपडा. चिवट, अंगाला ऊबदार, सुरकुतला तरी रुबाब न सोडणारा. जुन्या दंडकात रेशमी वस्त्र रोज धुतलं नाही तरी सोवळ्याला चालतं. आणि जागाही आहेत. पवनीला दोन हजारांवर वर्षांचे स्तूप मातीखालून निघाले, तिथे परकोटाचा दरवाजा उभा आहे. तुमसरकडे सातपुड्याच्या डोंगरात आंबागड आहे. भंडारा शहरात पांडे महाल आहे. लग्नाआधीचे फोटो काढणाऱ्या जोडप्यांना हल्ली पडका बुरूज फार आवडतो. त्या बुरुजापुढे ती परगावाहून आणलेला, मागे लांब घसरणारा गाऊन घालून उभी राहतात. पवनीच्या दरवाजाशी एखाद्या विणकराच्या घरच्यांनी करवतकाठी, कोशाचा फेटा, शेला भाड्याने ठेवला, नेसवून दिला, तर साडी पेटीत पडण्याआधी निदान दहा-वीस अंगांवरून फिरून येईल.

हे सांगितलं तेव्हा आंधळगावच्या एका ओळखीच्या विणकराने मला पुरतं ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘गुरुजी, सहा हजाराची साडी अन् त्यावर कोनी भजा सांडला तं?’ मी म्हटलं, अनामत घ्या. ‘अनामत सहा हजार कोन देईन जी?’ त्याचं चुकत नव्हतं. सॅटिन भाड्याने परवडतं ते सॅटिन स्वस्त असतं म्हणून. खऱ्याला भाड्याच्या बाजारात उतरायचं तर त्याच्या पाठीशी कोणीतरी उभं राहायला हवं. ग्योंगबोकगुंगमध्ये ते कोणीतरी म्हणजे तिकीट सोडून देणारं सरकार. तिकीट माफ केलं आणि गल्लीच्या गल्ली उभी राहिली, बरीवाईट, भडक, पण जिवंत. मग वारसा खात्याला तिच्यावर टीका करण्याची चैन परवडली. आपल्याकडे टीका करायला आधी ती गल्ली तरी हवी. पवनीच्या दरवाजात कोणी वाईट काष्टा घालून फोटो काढत असेल तर मी त्या दिवशी तक्रार करायला आनंदाने येईन, आणि येताना काष्टा नीट घालायला शिकवणारी एखादी आजी सोबत आणीन.